पहिला थर

कचरा डेपोवर सगळे त्याला दाजी म्हणत. हे नाव मेहुण्याने आणलेलं. बायकोचा धाकटा भाऊ बुलडोझर शिकायला आला, दिवसभर ‘दाजी, दाजी’ करत मागे फिरला आणि महिन्याभरात वजनकाट्यावरच्या माणसापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बावीस वर्षांची नोकरी, आणि ओळख काय, तर ह्याच्या बहिणीचा नवरा!

नवा खड्डा तयार झाला तेव्हा तर दाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. तळाला दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्यावर जाड काळं प्लास्टिक, त्यावर खडी आणि कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी टाकीकडे नेणारे पाइप. असल्या खड्ड्यात पहिला थर घालायला मिळणं हा मोठा मान. त्या थरात फक्त मऊ कचरा घ्यायचा, टोकदार काही नाही. एखादी सळई दाबली जाऊन प्लास्टिकात घुसली, की ते पाणी जमिनीत मुरणार आणि उतारावरच्या वस्तीतल्या विहिरी नासणार. दाजीची सासुरवाडी त्याच वस्तीत होती.

हे काम साहेबांनी दिलं मेहुण्याला. “त्याचा हात हलका आहे,” म्हणे. हलका! तो हात धरून शिकवलं कुणी?

दाजी जुन्या ढिगावरच राहिला. दिवसभर कचरा दाबायचा आणि संध्याकाळी त्यावर वीतभर माती पसरायची, म्हणजे वास, माश्या, उडणारे कागद सगळ्यालाच आळा बसतो. काम नेहमीचंच, पण तिथून खाली नव्या खड्ड्याकडे बघितलं की त्याच्या पोटात दुखायचं. घरी बायको भावाचं कौतुक सांगू लागली की तो ताटावरून उठायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका ट्रकने खाली गाद्या आणि जुने कपडे ओतले. वरून दाजीला स्पष्ट दिसलं, एका गादीखालून हातभर सळई बाहेर आली होती. मेहुण्याचं यंत्र तिकडेच चाललं होतं. दाजीने मांडीजवळचा वॉकीटॉकी उचलला, बटनावर अंगठा ठेवला, आणि दाबला नाही. होऊ दे एकदा, असं त्याच्या मनात आलं. कळू दे साहेबांना हलका हात. सासूबाईंची विहीरही आठवली, तरी अंगठा हलला नाही.

सळईपासून दोन हातांवर यंत्र थांबलं. मेहुणा खाली उतरला, वाकून सळई ओढून काढली आणि खड्ड्याबाहेर नेऊन ठेवली. दाजीला हायसं वाटलं. लगेच रागही आला, की ह्याला हेही जमतं.

संध्याकाळी मेहुणा ढीग चढून वर आला. चेहरा पार उतरलेला.

“दाजी, आज थोडक्यात वाचलो.”

“दिसली ना तुला? मग झालं तर.”

“तसं नाही हो. साहेबांनी विचारलं तेव्हाच मी म्हटलं होतं, दाजी वर असतील तरच मी खाली उतरतो. माझ्या नजरेतून सुटलं तरी तुम्ही ओरडणारच. त्या जिवावर तर करतोय.”

दाजीने वॉकीटॉकीकडे पाहिलं. मेहुण्याकडे बघायची त्याला लाज वाटली.

“ओरडणारच की,” तो म्हणाला, आणि माती ओढायला त्याने यंत्र सुरू केलं.