बोळातला वारा आणि विडीचा धूर

मेहकरला कापसाच्या दोन गोदामांमधल्या अरुंद बोळात वारा सुसाट सुटायचा. बोळाच्या तोंडाशी एक म्हातारा रोज विडी ओढत बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कोणी बोळात शिरलं की तो त्याच्यावर धूर सोडायचा आणि डोळे बारीक करून बघायचा. ढेरपोट्या तहसीलदाराच्या पाठीमागे धूर गरगर गिरक्या घ्यायचा. माझ्यामागे मात्र सरळ निघून जायचा.

"असं का हो बुवा?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, तुमी वाऱ्याले आडवतच नाई. त्याले पत्ताबी लागत नाई का मंधात कोनी होतं म्हून."

हे कौतुकच समजून मी घरी सांगितलं.

भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "तो बुढा आपल्या घरी कवा येऊन गेला?"