अण्णांचा खोकला

बायपासनंतरच्या चौथ्या दिवशी आमच्या सगळ्या घराची एकच इच्छा होती. अण्णांनी खोकावं.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. निलंग्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे. मी नांदेडला शाळेत गणित शिकवतो. ऑपरेशन लातूरला झालं, म्हणून मी रजा टाकून त्यांच्या पायथ्याशी स्टुलावर बसून होतो. छाती मधोमध उघडून परत तारेनं बांधलेली. खोकलं की ती पेटीच्या झाकणासारखी उघडेल, अशी अण्णांची पक्की समजूत झाली होती. त्यामुळं खोकल्याची उबळ आली की ते डोळे मिटून ती गिळून टाकायचे. कफ आत साचत चालला, अंगात कणकण आली. सकाळच्या फेरीला डॉक्टर स्वच्छ बोलून गेले, "आज कफ सुटला नाही तर उद्या परत आयसीयूत. न्यूमोनिया झाला तर आम्ही केलेलं सगळं अवघड होऊन बसेल."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आणि खरं सांगतो, पदराआडून त्या हसत होत्या. मीही हसत होतो. त्या चार दिवसांत आम्हाला काय झालं होतं कोण जाणे! माणूस टेबलावरून जिवंत परत आला होता, आणि त्या आनंदानं आमचा तोल पार सुटला होता. सलाईनची बाटली संपली तरी हसू, चहात माशी पडली तरी हसू. घाबरायचं होतं तेव्हाही आधी हसूच यायचं.

अण्णांना एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. तीन खणांत तीन रंगीत गोळ्या. नळीतून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. अण्णा ओढायच्या ऐवजी फुंकायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी दर वेळी सांगायची, "काका, फुंकर नाही, ओढा. सरबत पिता तसं." मग अण्णा ओढायचे. पहिली गोळी थरथरायची आणि खाली बसायची.

"बारक्या," अण्णा मला म्हणाले, "ही गोळी आपल्या जुन्या स्कूटरसारखी हाय. नुसती घुरघुरते, निघत न्हाई."

मला हसू फुटलं. अण्णांनाही फुटणार होतं, पण त्यांनी खोकताना छातीशी धरायला दिलेली उशी आवळली आणि ओठ मिटून घेतले. हसलं की दुखायचं. दुखलं की भीती. भीती वाटली की खोकला गिळणं.

दहाच्या सुमाराला निलंग्याहून जीप भरून माणसं आली. दुकानाच्या शेजारचे आठ जण. पास एकच. तो जिन्यावरून खालीवर फिरत राहिला आणि प्रत्येक जण दारातल्या वॉचमनला सांगत राहिला, "मी सख्खा भाऊ." पाचव्याला वॉचमननं विचारलं, "ह्यांना सख्खे भाऊ हायेत तरी किती?" तो म्हणाला, "लई मोठं घर हाय साहेब."

बघता बघता पाच-सहा सख्खे भाऊ एकाच वेळी आत जमले. कफाचं कळल्यावर प्रत्येकानं अण्णांना खोकून दाखवायला सुरुवात केली. एकानं बारीक, एकानं घशातून, एकानं थेट बेंबीच्या देठापासून. "असं बगा शेठ, असं! काय होत न्हाई!" सगळा वॉर्ड खोकायला लागला, एकटे अण्णा सोडून. नर्स धावत आली. "सर्दी कुणाला आहे? पेशंटजवळ खोकता? बाहेर व्हा सगळे!" सख्खे भाऊ धपाट्याचा डबा ठेवून पसार झाले. वहिनी भिंतीकडं तोंड करून हलत होत्या.

वॉर्ड शांत झाल्यावर अण्णा म्हणाले, "भूक लागली."

पण पूजेशिवाय ते खाणार नव्हते. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं. ते रोज तळहातावर घेऊन, भस्म लावून, पूजा करून मगच अन्नाला हात. अण्णांच्या गळ्यातून ते कधी उतरलं नव्हतं. ऑपरेशनला नेताना नर्सनं उतरवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ते काढून माझ्या गळ्यात घातलं. "तुझ्या लिंगाशेजारी असू दे. एकटं ठेवू नको." मी मान हलवली.

शेजारी काही नव्हतं. माझं लिंग नांदेडच्या घरी कपाटात होतं, कितीतरी वर्षांपासून. कुठल्या विचारानं वगैरे मी ते काढलं नव्हतं. एकदा दोरा तुटला, नवा ओवायचा राहून गेला, मग लाज वाटली, मग लाजेचीही सवय झाली. पहिले तीन दिवस अण्णा अर्धवट गुंगीत होते. वहिनी त्यांच्या कपाळाला भस्म लावून घोट-घोट पेज पाजत होत्या. आता ते पुरते शुद्धीवर होते. डाव्या हाताला सुई, हात पट्टीनं बांधलेला.

"तू कर," ते म्हणाले. "खरं म्हंजे दुसऱ्याच्या लिंगाची पूजा करत न्हाईत. पण तू का दुसरा हाईस? माझ्या बदली हातावर घे, मी बगतो."

वहिनींनी ओला कापूस आणि भस्माची डबी पुढं केली. मी गळ्यातली डबी उघडली, लिंग काढलं आणि तळहातावर घेतलं.

अण्णा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बारक्या, हात कोन्ता हाय तो?"

मी उजव्या हातावर घेतलं होतं. आमच्यात पाच वर्षांचं पोरही ते डाव्यावर घेतं. पूजा उजव्यानं करायची तर धरायचं डाव्यावर, यात विचार करण्यासारखं काही नाही. हाताला आपोआप कळतं. माझ्या हाताला कळलं नव्हतं.

मी घाईनं हात बदलला.

"तुझं कुठाय?" अण्णांनी विचारलं.

आमच्या घरात एक रीत आहे. लिंग हातावर असताना खोटं बोलायचं नाही. आप्पा, म्हणजे आमचे वडील, याच रीतीवर आमच्या गूळचोऱ्या पकडायचे. सकाळी पूजेला बसवायचे आणि मग सावकाश विचारायचे. बावन्नाव्या वर्षी, दवाखान्याच्या स्टुलावर, मी परत तसाच पकडला गेलो.

"कपाटात हाय," मी म्हणालो. "लई वर्षं झाली."

"हां." अण्णांना आश्चर्य वाटलं नाही. "आनि?"

हा त्यांचा 'आनि' आप्पांचाच होता. आप्पांना एक चोरी सापडली की दुसरी असणार याची खात्री असायची. मी कमी बोलणारा माणूस. बायकोलाही जे सांगितलं नव्हतं ते तळहातावरच्या त्या काळ्या लिंगाकडं बघत मी बोलून टाकलं.

"तुमी फोन केल्ता. दुकानातून. छातीवर पोतं ठेवल्यागत व्हायलंय, घाम यायलाय म्हणून."

"केल्ता."

"मी पित्त म्हनालो. लिंबू-सोडा घ्या म्हनालो."

"म्हनालास."

"मला कळलं होतं अण्णा. छातीत दाब आणि घाम, म्हंजे लगेच दवाखाना. शाळेच्या व्हरांड्यात तक्ता हाय तसा. मीच लावलाय. तरी मी पित्त म्हनालो. दवाखाना म्हनलं असतं तर मला तसंच उठून निलंग्याला यावं लागलं असतं."

त्या फोननंतर चौथ्या दिवशी अण्णा दुकानात कापडाच्या ताग्यांवर कोसळले होते. मधले तीन दिवस माझे होते. वहिनींच्या हातातला कापूस तसाच राहिला. ऑपरेशननंतरच्या चार दिवसांत पहिल्यांदा कुणी हसत नव्हतं.

अण्णांनी छातीवरची उशी नीट केली. मग त्यांनी विचारलं, "तवा तू काय खायलतास?"

"काय?"

"तोंडात काय होतं तुझ्या? मी इकडं मरायलतो आनि तिकडून नुसतं मचमच, मचमच. लिंग हातावर हाय, खरं सांग."

मी मान खाली घातली. नांदेडात एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. "गुलाबजाम."

"किती?"

"दुसरा होता."

"तोंडात एका वेळी एकच हुता का दोन?"

"...दोन."

अण्णांचं पोट हलायला लागलं. त्यांनी उशी आवळली, ओठ मिटले, पण ते हसू गिळण्यासारखं नव्हतं. "दोन!" ते कसेबसे म्हणाले, "आनि मला सोडा!" आणि त्या 'सोडा'वर त्यांचा श्वास अडकला, चेहरा लाल झाला, आणि छातीच्या तळातून एक खोकला आला. मोठा, ओला, खडखडणारा. मग दुसरा. मग तिसरा. वहिनी ओरडल्या, "भांडं! भाऊजी, भांडं!" माझ्या डाव्या हातावर लिंग, म्हणून मी उजव्या हातानं कसंबसं भांडं धरलं. मी रडत होतो की हसत होतो, ते मला आजही सांगता येणार नाही.

नर्स आली. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं आणि शाळेत मी कधी कुणाला म्हटलं नसेल इतक्या मनापासून म्हणाली, "शाब्बास काका!" छाती उघडली नव्हती. अण्णांनी हातानं चाचपून खात्री केली. वहिनींनी बळंच नळी तोंडात दिली, त्यांनी ओढली, आणि पहिली गोळी टक्कन वर गेली. दुसरीही अर्ध्यापर्यंत चढली.

मला माफ केलं, असं अण्णा म्हणाले नाहीत. आमच्या घरात तसं कुणी म्हणत नाही, आणि मी त्याची वाटही बघत नव्हतो. ते तीन दिवस माझेच आहेत, माझ्याकडेच राहतील. मी पूजा पूर्ण केली, भस्म अण्णांच्या कपाळाला लावलं, आणि त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला.

दुपारी ती व्यायामवाली मुलगी येणार होती. आणखी कफ काढायचा होता. अण्णा चावता चावता मला म्हणाले, "खाली जाऊन गुलाबजाम घेऊन ये."

"अण्णा, तुमची शुगर…"

"मला न्हाई रे," उशी छातीशी ओढत ते म्हणाले. "तू खा. फोनवर खाल्लास तसं. मला परत खोकायचंय."