शंभर फुटी काळा-पांढरा

छत्तीस फोटोंचा एक रोल संपवायला आम्हाला महिना लागतो. किस्से मात्र त्याच्या दुप्पट वेगानं साठतात, आणि ते धुवावेही लागत नाहीत.

आम्ही तिघं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. सुनील गव्हाणे, मूळचा लातूरकडचा, तिथंच टूलरूममध्ये. आणि माझी बायको वैदेही, थेरगावच्या एका शाळेत शिक्षिका. तयार रोल परवडत नाहीत, म्हणून काळ्या-पांढऱ्या फिल्मचं शंभर फुटी बंडल तिघांत आणतो, कापून जुन्या डब्यांत भरतो आणि रहाटणीतल्या आमच्या बाथरूममध्ये धुतो.

पहिला रोल मी धुतला. चित्र उमटवणारं औषध आधी घालायचं असतं, ते पक्कं करणारं नंतर. मी नेमकं उलटं केलं. छत्तीसच्या छत्तीस फोटो काचेसारखे स्वच्छ! वैदेहीनं ती कोरी फिल्म उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाली, "चला. तू काढलेल्या फोटोंत पहिल्यांदाच माझे डोळे मिटलेले नाहीत."

गव्हाणेच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण सैल होतं. आत उजेड शिरायचा आणि प्रत्येक फोटोवर पांढरा पट्टा यायचा. त्यानं फेविकॉलपासून चिकटपट्टीपर्यंत सगळं करून पाहिलं.

एकदा तो सकाळी देहूला घाटावर फोटो काढून तसाच सेकंड शिफ्टला आला. गेटवर सिक्युरिटीवाले काका सगळ्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर लावतात. त्यांनी याच्याही लेन्सवर लावला, कॅमेरा उलटा केला आणि विचारलं, "फ्रंट कॅमेरा कुठाय?"

"काका, याला नसतो."

"असं कसं? नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी मागच्या झाकणाच्या बिजागरीजवळच्या फटीवर बरोब्बर दुसरा स्टिकर दाबून बसवला.

लेन्सवरचा गव्हाणेनं सुटल्यावर काढला. मागचा राहून गेला. तो रोल धुतला तर स्टिकर लागल्यानंतरच्या एकाही फोटोवर पट्टा नाही. त्या स्टिकरला त्यानं आजतागायत हात लावलेला नाही.

माझ्या कॅमेऱ्याची फिल्म गुंडाळायची दांडी तुटली तेव्हा शहरातल्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "शोकेसमध्ये ठेवा." गव्हाणे म्हणाला, "पितळेच्या तुकड्यातून काढू की." परवानगी मागायला आम्ही त्याच्या सुपरवायझरकडे गेलो.

"ड्रॉइंग कुठाय?" साहेब म्हणाले. "ड्रॉइंगशिवाय माझ्या टूलरूममध्ये जॉब होत नाही."

गव्हाणेनं जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग काढलं आणि दांडी बनवली. साहेबांनी मोजली आणि परत केली. "केसभर जाड आहे. रिजेक्ट." दुसरी पास झाली, तीही माझ्याकडूनच इन्स्पेक्शनची सही घेऊन. दुरुस्तीवाल्याला मुद्दाम नेऊन दाखवली. तो बराच वेळ फिरवत बसला आणि म्हणाला, "अजून चार मिळतील का?"

वैदेहीच्या वर्गात छत्तीस मुलं. तिनं ठरवलं, एकेकाला एकच फोटो, परत काढणं नाही. एरवी एका जागी न बसणारी पोरं श्वास रोखून उभी राहिली. छत्तिसावा फोटो झाला आणि दारात पूजा आली. हिंगोलीकडून आलेल्या घरातली, त्याच आठवड्यात नाव घातलेली.

फिल्म संपली होती. डबी भरताना आतल्या टोकाला उजेड लागतोच, तेवढाच तुकडा उरलेला. वैदेहीनं तरी फोटो काढला. पूजा अर्धी आली. उरलेला अर्धा फोटो पांढराफटक. तो द्यावा की नाही, यावर घरी दोन दिवस विचार झाला. शेवटी दिला.

पूजानं तो निरखून पाहिला आणि वर्गाला दाखवत म्हणाली, "माझ्यावर ऊन पडलंय."

दुसऱ्या दिवशी छत्तीस जण टेबलाभोवती. "बाई, आमचे परत काढा. ऊन घालून."

आणि हे बनकर मामांचं.

बनकर मामा आमच्या प्रेसशॉपमधले, देहूचे जुने रहिवासी. नोकरीच्या सुरुवातीलाच उजव्या हाताची दोन बोटं मशिनमध्ये गेलेली. तेव्हापासून फोटो म्हटला की उजवा हात खिशात. रिटायरमेंटच्या दिवशी गळ्यात हार, भोवती वीस मोबाइल, आणि हात खिशातच.

नंतर गेटबाहेर, चहाच्या टपरीपाशी, गव्हाणेनं कॅमेरा डोळ्याला लावला. मामा उभे राहिले. हात खिशात. गव्हाणे बटण दाबेना.

"काढ की रं. काय झालं?"

"एकच उरलाय, मामा. घाई न्हाई."

कंपनीच्या बसेस निघून गेल्या. चहा निवला. गव्हाणेनं कॅमेरा खाली घेतला नाही.  मग मामांनी हात बाहेर काढला, डाव्या हातातल्या डब्याच्या पिशवीवर ठेवला आणि म्हणाले, "हां. आता काढ."

पुढच्या रविवारी आम्ही फोटो घेऊन देहूला गेलो. मामींनी तो पदरानं पुसला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. मग कपाटातून लग्नाचा फोटो काढला. तोही काळा-पांढरा, बोटं जाण्याआधीचा. त्यात मामा दोन्ही हातांनी हार घालतायत. मामींनी दोन्ही फोटो भिंतीला शेजारी शेजारी धरले आणि मामांना खिळे आणायला सांगितलं.

"आन् मधले?" मामांनी विचारलं.

"मधले ऱ्हाऊ द्या आल्बमात," मामी म्हणाल्या. "ह्ये दोन लावा."