कुलूप लावणार नाही

माझी आत्या कपड्यांच्या कारखान्यात एकवीस वर्षं सफाईला होती. तोंडाची फटकळ, त्यामुळे सुपरवायझरही सहसा तिच्या वाटेला जात नसे. दुसऱ्या मजल्यावर शंभरेक बाया मशीनवर बसायच्या. तिथून खाली यायला दोनच वाटा होत्या: पुढचा जिना, आणि मागच्या दाराबाहेरचा लोखंडी जिना.

नवे मॅनेजर आले. बाया मागच्या जिन्यावर गप्पा छाटतात, असं त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आत्याच्या हातात भलंमोठं कुलूप ठेवलं. "उद्यापासून कामाच्या वेळेत मागचं दार बंद."

"आणि आग लागली तर?"

"तुम्ही जॅनिटर आहात. फरशी पुसा. दारांची उठाठेव तुम्हाला कशाला?"

आत्या धुसफुसतच घरी आली. मी तेव्हा कॉलेजात भाषा शिकत होते. "ए शहाणे, जॅनिटर म्हणजे काय गं? नीट बघून सांग."

मी जाडजूड कोश काढला. शब्द मूळचा लॅटिन. 'यानुआ' म्हणजे दार, त्यावरून दार राखणारा तो जॅनिटर. इंग्रजीतही आधी दारवानच. इमारतीची देखभाल, झाडलोट मागाहून चिकटली. लॅटिन बोलणाऱ्या त्या जुन्या लोकांचा दारांचा एक देवही होता, दोन तोंडांचा.

"दोन?" आत्या हसली. "मला एकच पुरतं."

सकाळी तिने कुलूप साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "माझ्या पदाचा अर्थ दार राखणारी. कोशात छापलंय. मी दार राखते, माणसं कोंडत नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. तुम्हाला लावायचं तर स्वतःच्या हातानं लावा, आणि तसं लिहून सही करा."

आणि ती सरळ मागच्या दारात स्टूल टाकून बसली. साहेबांनी तिला उठवायला सुपरवायझरला धाडलं. आत्या त्याला एवढंच म्हणाली, "तुझी बायको याच मजल्यावर काजं करते ना?" तो आल्या पावली परत गेला. एकेक मशीन थांबत गेली. बाया साहेबांच्या केबिनकडे बघत राहिल्या.

दुपारी कुलूप कपाटात गेलं.

साहेबांनी राग काढलाच. आठवड्याभरात आत्याची बदली तळमजल्यावरच्या कोंदट गोदामात झाली. साहेब दोन वर्षांत दुसरीकडे गेले. आत्या तिथेच सहा वर्षं काढून निवृत्त झाली. परत वर घ्या म्हणून तिने कुणाची मनधरणी केली नाही.