पाठराखीण बायजा

पाठराखीण म्हणजे फुकट जेवायला जाणारी बाई नव्हे. नवरीबरोबर सासरी जायचं, तिच्याशेजारी निजायचं, चार दिवस घर बघायचं आणि परत येऊन तिच्या आईला खरं काय ते सांगायचं. कळंबमध्ये हा मान बायजाचा. तिची नजर तिखट म्हणून आया तिलाच पाठवत, आणि बायजालाही त्याचा तोरा होता.

शेजारच्या भागूबाईची ठमी खोपोलीच्या अंगाला दिली, तेव्हाही बायजाच गेली. तिथे एका सकाळी भाकरी करपली म्हणून ठमीच्या सासूने, सोनुबाईने, चुलीतलं जळतं लाकूड काढून पोरीच्या मनगटाला टेकवलं. बायजा दारातच उभी होती. सोनुबाईने तिला पाहिलं आणि कसनुसं हसली. निघताना तिने बायजाची ओटी भरून वर कोरं लुगडं ठेवलं. ते लढाईचे दिवस. कापड रेशनवर, आणि बायजाच्या अंगावर ठिगळाला ठिगळ. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं तिने मनाला बजावलं. अहो, पण वासे मोजायलाच तर तिला धाडली होती.

"पोर सुखात हाय गं," तिने भागूबाईला सांगितलं. भागूबाई निर्धास्त झाली. पंचमीला पोरीला आणायलाही तिने कुणाला धाडलं नाही.

ते लुगडं बायजाला नेसवेना. घडी उलगडली की पोरीचं मनगट आठवे, आणि ती स्वतःलाच शिव्या घाली.

दिवाळीला ठमी माहेरी आली. भांडी घासताना चुडा सरकला आणि भागूबाईला डाग दिसला.

"ह्ये काय गं?"

"भाकरी करताना भाजलं." ठमीने ओटीवर बसलेल्या बायजाकडे पाहिलं. "मावशी हुतीच की तवा. इचार तिला."

पोर मावशीची लाज राखत होती. बायजाला ते सोसलं नाही. घरी जाऊन तिने लुगडं आणलं आणि भागूबाईच्या पुढ्यात टाकलं.

"सासूनं डागली तिला. मी बगितलं. ह्याच्यापायी गप बसले."

भागूबाई झिंज्या धरील असं तिला वाटलं. ते बरं झालं असतं. भागूबाई एवढंच म्हणाली, "ठमे, आता तिकडं जायाचं नाय."

तेव्हा ठमीने सगळ्या बांगड्या कोपराकडे सारल्या. डाग एक नव्हता. काही काळे पडलेले, एक अजून ओला. त्यातला पहिला तेवढा सोनुबाईचा. बाकीचे सगळे बायजाला आपल्या हातचे वाटले.