मिरकाबचं शिवणघर आणि तीन चिनी ॲप्स

"ताई, तुला चिनी ॲप्समधलं काही कळतं का गं?" कुवेतहून मंजूचा फोन. मंजू माझी धाकटी बहीण. मी पुण्यात घरबसल्या गोधड्या विकते आणि त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकते, एवढ्या भांडवलावर आमच्या घरात मला मार्केटिंगमधली जाणकार समजतात. खरं तर "नाही" म्हणायला हवं होतं. पण कुवेत पाहायचं राहिलंच होतं, म्हणून मी म्हटलं, "असं फोनवर नाही सांगता येणार. प्रत्यक्ष बघावं लागेल."

मंजूचे यजमान श्रीकांतराव तिथे पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर आहेत. त्यांनी माझा फॅमिली व्हिजिटचा व्हिसा काढला आणि जानेवारीत मी मुंबईहून निघाले. विमानाचा प्रवास चारेक तासांचा. जाणार असाल तर हिवाळ्यातच जा आणि स्वेटर घेऊन जा. वाळवंटात कसली आलीय थंडी म्हणून मी शाल पुण्यात ठेवली आणि विमानतळाबाहेर पडल्या पडल्या श्रीकांतरावांचं ऑफिसचं जाकीट घालून उभी राहिले. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षा प्रथम' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. पुढचे सगळे फोटो त्याच जाकिटात आहेत.

त्यांचं घर सबाह अल-सालेमला. जेवणं झाल्यावर मंजूने अडचण सांगितली. ती आणि शबाना मिळून शहरातल्या मिरकाब भागात बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवतात. शबाना मूळची श्रीवर्धनची. कापणं, शिवणं तिचं. भरतकामाचे नमुने आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मंजूचं. दर्रा म्हणजे इथल्या बायका घालतात तो पायघोळ, भरजरी झगा, ही शबानाची खासियत. पण आता मॉलमध्ये तयार दर्रे ढिगाने मिळतात आणि नेहमीची गिऱ्हाइकं तिकडे वळली. शबानाचे यजमान नोकरी सोडून गावी परतलेत. तिने मंजूला सांगून टाकलं होतं, "ईदपर्यंत बघतंय. नाय जमला तर मशीन इकून मी पण जातंय."

"आणि ती गेली तर मी काय करू?" मंजू म्हणाली. "गोड बोलून कपडा शिवला जात नाही."

श्रीकांतरावांच्या मते उपाय सोपा होता. त्यांच्या प्रकल्पावर चिनी कंत्राटदारांची बरीच माणसं आहेत, शिवाय चिनी पर्यटकही येतात. चिनी गिऱ्हाईक हवं तर चिनी ॲपवर जायला हवं. त्यांनी टीव्हीला लॅपटॉप जोडून आम्हाला सादरीकरण दाखवलं: एका बाजूला वीचॅट, मध्ये शाओहोंगशू, शेवटी डोयिन. बाण, चौकोन, रंगीत वर्तुळं. निष्कर्ष डोयिनच्या बाजूने होता, कारण तिथे व्हिडिओ बघणारी माणसं सगळ्यात जास्त.

"म्हणजे मी रोज व्हिडिओत नाचायचं?" मंजूने विचारलं.

"नाचायचं असं नाही. कंटेंट."

मी जाणकाराच्या चेहऱ्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी आणि मंजू मिरकाबला गेलो. टॅक्सीला तीनेक दिनार पडतात. बस फार स्वस्त आहे, पण तिला तिच्या सवडीने येऊ द्यावं लागतं. एक सल्ला: दिनाराचे रुपये करत बसू नका, चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही. दुकान जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. शबाना मशीनवर होती. मंजूने 'मार्केटिंगवाली ताई' अशी ओळख करून दिली तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, ह्या जाकिटाचे खांदे तुम्हाला उतरतात," ती म्हणाली. "काढा, टाके घालते." आणि खरोखर टाके घातले.

या दुकानाची एकच चिनी गिऱ्हाईक होती, लिन नावाची. अर्दियाच्या गोदामांच्या भागात फरशांचं शोरूम सांभाळते. तिने एकदा ड्रेस अल्टर करून घेतला होता. तिलाच विचारावं असं ठरलं आणि श्रीकांतराव संध्याकाळी आम्हाला अर्दियाला घेऊन गेले. अर्दियाला पाहण्यासारखं काही नाही. रुंद रस्ते, ट्रक आणि गोदामं. पर्यटकांच्या यादीत ते का नसतं ते गेल्यावर कळतं.

लिनने आम्हाला काचेच्या पेल्यात नुसतं गरम पाणी दिलं. श्रीकांतराव बराच वेळ चहाच्या पुडीची वाट पाहत होते. शेवटी त्यांनी त्यातलाच एक घोट घेतला आणि लॅपटॉप उघडला. लिनने सगळ्या स्लाइड शांतपणे पाहिल्या.

"डोयिन बघणारे चीनमध्ये बसलेत," ती इंग्रजीत म्हणाली. "ते माप द्यायला मिरकाबला येणार का?"

श्रीकांतराव पाणी प्याले.

मग तिने समजावलं. वीचॅट म्हणजे आपल्या व्हॉट्सॲपसारखं, ओळख झाल्यावरचं. अनोळखी माणूस तिथे तुमचं दुकान शोधत येत नाही. शाओहोंगशूवर मात्र लोक फोटो आणि अनुभव लिहितात, आणि कुठे जायचं असलं की बाकीचे तिथेच शोधतात: काय खावं, काय घ्यावं, कुठे फोटो काढावा. शहर नवं असलं की तीही आधी तेच उघडते. दुकानाच्या नावाने खातं काढायला बरीच कागदपत्रं लागतील, तेव्हा पहिली नोंद ती स्वतःच्या खात्यावर लिहील. बदल्यात तिला फोटोसाठी हिरवा दर्रा हवा होता, आणि तो नंतर परत मागायचा नाही.

फोटो मुबारकियाच्या जुन्या बाजारात काढले. तिथे मात्र जाच. भट्टीतून निघालेली परातीएवढी रोटी, कबाब, आणि आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांसाठी डाळ आणि मुळ्याचा पाला. लिन मसाल्यांच्या दुकानांसमोर हिरव्या दर्ऱ्यात अशी उभी राहिली की येणारेजाणारे थांबून पाहू लागले. रात्री तिने लिहिलेला मजकूर श्रीकांतरावांनी फोनवर भाषांतर करून वाचला: 'मिरकाबला दोन मावश्या आहेत. एक हसते, एक हसत नाही. जी हसत नाही तिच्याकडून शिवून घ्या.'

शबानाला हे सांगितलं तेव्हा ती अजिबात न हसता म्हणाली, "कोण हसत नाय?"

दोन दिवस काही घडलं नाही. श्रीकांतराव 'डोयिन' हा शब्द न उच्चारता घरात फिरत होते. मग लिनने कळवलं, प्रकल्पावरच्या काही बायका विचारतायत, सुट्टीच्या दिवशी आलो तर दर्रा एका दिवसापुरता भाड्याने मिळेल का.

शबानाने कात्री खाली ठेवली. "हे काय मंडपाचं सामान आहे? मी माणसाचं माप घेऊन शिवते. भाड्याचं मला नको."

"अगं, पण त्यांना एकच दिवस सुट्टी असते," मंजू म्हणाली. "शिवून द्यायला तुला चार दिवस लागतात."

"मग जाऊ देत दुसरीकडे."

"दुसरीकडेच जातायत सगळे, म्हणून तर हे चाललंय."

मी मध्ये पडून म्हटलं की ब्रँडची प्रतिमा वगैरे. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली जाऊन चहा घेऊन आले. परतताना टॅक्सीत मंजू म्हणाली, "ती जाणारच आहे, ताई. तिने मनाने कधीच सामान बांधलंय." मला तेव्हा कळलं की गिऱ्हाइकं हे निमित्त आहे. मंजूला शबाना जायला नको होती.

शुक्रवारी सकाळी प्रकल्पावरच्या बायकांपैकी चौघी आल्या. मंजूने शबानाला न विचारता 'या, बघू' असं लिनकरवी कळवलं होतं. शबाना मंजूकडे न बघता टेप गळ्यात टाकून उभी राहिली. लिन दुभाषी म्हणून आली होती. चौघींमधल्या तिघी रंग बघत होत्या. चौथी थोडी वयस्कर होती. तिने आपल्या कानाजवळ आडवा हात धरून काहीतरी सांगितलं.

"हिच्या आईसाठी हवाय," लिन म्हणाली. "आई हिच्या कानापर्यंत येते. हात आखूड आहेत. तयार कपडे घेतले की बाह्या नेहमी दुमडाव्या लागतात."

शबाना त्या बाईसमोर गेली. तिच्या कानाजवळचा हात तिने हलकेच थोडा खाली केला. "आता इतकी असेल," ती लिनला म्हणाली. "हिने आईला कधी पाह्यलंय शेवटचं? म्हातारी माणसं कमी होतात."

मी ते इंग्रजीत सांगितलं, लिनने चिनीत. त्या बाईने मान डोलावली.

शबाना बराच वेळ कपाटातल्या कापडांकडे पाहत उभी होती. भरतकाम झालेले काही दर्रे तिथे नुसते कापून ठेवलेले होते, ऑर्डर रद्द झालेले. "दर्रा ढगळच असतो," ती स्वतःशी म्हणाली. "खांदा, बाही आणि लांबी धरली की झाला." मग तिने चौघींची मापं घेतली आणि मंजूला म्हणाली, त्या दिवशी पहिल्यांदाच: "ह्यांना मुबारकियाला जेवायला ने. चहा पाज. फिरव. अंधार पडायच्या आत परत आण."

आम्ही फिरवल्या. गाडी घेऊन आलेल्या श्रीकांतरावांना चौघींनी इतके फोटो काढायला लावले की त्यांच्या फोनची बॅटरी संपली. परतलो तेव्हा चौघींचे चार आणि आईचा एक, असे पाचही दर्रे हँगरवर होते. आईचा सगळ्यात शेवटी लटकवलेला, इस्त्री करून. निघताना त्यांनी शबानाच्या फोनवर वीचॅट उतरवलं आणि प्रत्येकीने स्वतःला जोडून घेतलं. शोधायला एक ॲप, टिकवायला दुसरं, असा निष्कर्ष श्रीकांतरावांनी गाडीत जाहीर केला आणि हे आपण आधीच म्हणालो होतो असंही सांगितलं. मंजूने त्यांना म्हणू दिलं.

पुण्यात परतून आता चार महिने झाले. कोणी सल्ला मागितला तर मी एवढंच सांगते: किती लोक बघतात त्यापेक्षा जिना चढून कोण येऊ शकतं ते आधी पाहा. दुकानात चिनी गिऱ्हाइकांची रांग वगैरे लागलेली नाही. एखाद्या शुक्रवारी तिघी-चौघी येतात, एखादा कोरडा जातो. पण ईद होऊन गेली आणि मशीन जागेवर आहे. शबानाचे यजमान म्हणतात पावसाळ्यानंतर बघू. ती म्हणते, बघू.

गेल्या शुक्रवारी मी मंजूला फोन केला. "ताई, नंतर बोलते, माप चाललंय," ती म्हणाली आणि फोन बंद करायला विसरली. मी कान लावून ऐकत राहिले. पलीकडून कापडाची सळसळ आली, कुणीतरी चिनी भाषेत काही विचारलं, आणि मग शबानाचा आवाज, स्वच्छ श्रीवर्धनचा:

"हात खाली सोड गो. असा नाय. सैल."

पुन्हा सळसळ. बाईने हात सैल सोडला असावा.

"हां," शबाना म्हणाली. "आता कसा."