विहिरीत ओतलेले पाणी

नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतील विहिरीचे पाणी खारट झाले आहे, एवढे मान्य करून घेण्यासाठी मला जितका पत्रव्यवहार करावा लागला, तितका घाम माझ्या वडिलांनी ती विहीर खोदतानाही गाळला नसेल. पानवेली आधीच गेल्या होत्या आणि केळीची पाने कडेने करपत होती. आजूबाजूच्या वाड्यांतील बोअरवेलवर टँकर भरून चंदनसारकडच्या इमारतींना जात, आणि उपसलेल्या गोड्या पाण्याची जागा घ्यायला समुद्र जमिनीखालून आत सरके. माझी मागणी साधी होती: पाण्यातील क्षार तपासावेत आणि ते मर्यादेबाहेर असल्यास परिसरातील उपसा थांबवावा.

सरकारी कार्यालयाने उत्तर दिले की पाणी रंगहीन व पारदर्शक आहे, त्यात गाळ आढळला नाही, सबब ते निर्दोष आहे. तरीही शंका असल्यास गाळून, तुरटी फिरवून वापरावे.

मी आयुष्यभर नववीला रसायनशास्त्र शिकवले. द्रव्याचे वर्गीकरण हा वर्षारंभीचा धडा. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. आणि मिश्रणाचे पुन्हा दोन प्रकार. पाण्यात माती ढवळली तर मिश्रण विषमांगी: माती दिसते, खाली बसते, फडक्यावर अडकते. मीठ ढवळले तर समांगी: पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत सारखे, नितळ, आणि कोणत्याही फडक्यातून जसेच्या तसे पलीकडे जाणारे. दिसत नाही म्हणून ते नाही, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बसवत असे. कार्यालयात त्याला खुर्ची मिळते.

सुनावणीला मी स्टीलची थाळी घेऊन गेलो. तिच्यात विहिरीचे पाणी आटवले होते आणि तळाशी पांढरी साय धरली होती.

अधिकाऱ्याने ती नखाने खरवडली. "सर, हे मीठ तुम्ही घरूनच टाकलं नाही कशावरून?"

प्रश्न पुराव्याच्या कायद्यात बसणारा होता, म्हणूनच अधिक झोंबला. मी लेखी मागणी केली की नमुना कार्यालयाने स्वतः, माझ्या व पंचांच्या समक्ष, विहिरीवर येऊन घ्यावा. ती बऱ्याच महिन्यांनी मंजूर झाली. तारीख मिळाली ती मे महिन्यातली, नातीच्या लग्नानंतरचा सोमवार.

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचे, बायकांनी गाणी म्हणत कळशी भरायची आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची, ही आमच्या घराची रीत. माझी धाकटी बहीण त्या रीतीची मुखत्यार. आठवडाभर आधीपासून ती माझ्यामागे लागली होती.

"दादा, पोरीला काय मिठागरात बुडवायचं?"

"कळशीभर खारट पाण्याने कोणी मरत नाही."

"तुझ्या पत्रांनीसुद्धा अजून कोणी मेलेलं नाही," ती म्हणाली. ओट्यावर बसून भाजी निवडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

शनिवारी सकाळी मी चर्चमधील कामे उरकून परतलो, तर वाडीत टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप कठड्यावरून विहिरीत सोडलेला होता आणि पाणी गडगडत आत पडत होते. शेजारी माझा मुलगा आणि बहीण उभी होती.

"गोडं पाणी वर राहतं, खारं खाली," बहीण म्हणाली. "आई नेहमी सांगायची. कळशी वरूनच भरू."

आई सांगायची ते पावसाळ्याचे होते. झिरपून हळूहळू साचलेले पाणी वर राहते खरे. पण टँकरमधून कोसळलेले पाणी वर राहत नाही, ते मिसळते. मे महिन्यात विहिरीत पाणी होते तरी किती? मी चालकाला पाइप काढायला सांगितले.

"काका, थोडाच राहिलाय. आता परत कुठे नेऊ?"

मी मुलाकडे वळलो. "सोमवारी नमुना घ्यायला येणार आहेत. तू पुराव्यात पाणी ओतलंस."

"बाबा, पोरीचं लग्न आहे," तो म्हणाला. "सगळ्या घराला तुमच्या तारखेवर किती दिवस बसवणार?"

संध्याकाळी बँड वाजला. बहिणीने ओंजळीत पाणी घेऊन चाखले. "मचूळ आहे. पण चालेल." नातीला त्याच पाण्याने आंघोळ घातली. ती हसत होती. मला त्या हसण्याचाही राग आला, हे लिहून ठेवतो.

सोमवारी अधिकारी आला. पंच आले. बाटली बुडवली, भरली, आणि हातातले छोटे यंत्र पाण्यात धरून तो म्हणाला, "सर, हे तर मर्यादेत आहे. तुम्ही उगाच त्रास घेतलात." पंचनाम्यात वाक्य होते की नमुना विहिरीच्या नैसर्गिक पाण्याचा आहे. त्याखाली मी सही करायची होती.

मी सांगितले की हे विधान असत्य आहे. पाणी मिसळलेले आहे. परवा यात टँकर रिकामा झाला. नमुना रद्द करून पुढील तारीख द्यावी.

अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावले, मग पुन्हा काढले. "टँकर कोणी मागवला?"

मुलगा मांडवाच्या दोऱ्या सोडत होता. तो पुढच्या खांबाकडे वळला.

"माझ्या घराने," मी म्हणालो.

"म्हणजे उपसा थांबवा म्हणून तक्रार तुमची, आणि उपशाचं पाणी विकतही तुम्हीच घेता." तो चिडला नव्हता, उलट काम सोपे झाल्यासारखा दिसत होता. त्याने आधीचे वाक्य खोडले आणि नवे लिहिले: अर्जदाराचे कुटुंब स्वतः टँकरचे पाणी घेते, सबब तक्रारीत तथ्य दिसत नाही, प्रकरण निकाली काढावे.

'सबब'नंतरच्या भागावर मी हरकत नोंदवली. त्याच्या आधीच्या भागावर हरकत घेण्यासारखे काही नव्हते. मी सही केली.